तू नीज, मी बघतो

बेट्टदपुरातल्या ऑगस्टच्या रात्रीला एक वास असायचा. पावसाने भिजलेली लाल माती, सुरूची जळती लाकडं आणि त्या दोन्हींवर तरंगणारा, भाजत आलेल्या तंबाखूच्या पानाचा गोडसर दरवळ. आईने वाळत घातलेल्या चादरींना तो लागायचा, माझ्या दप्तराला लागायचा. दसऱ्याच्या सुमारास तो विरायचा आणि पुढच्या पावसापर्यंत आम्ही त्याला विसरून जायचो.

माझे वडील गुरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. 1969 ते 1976 अशी सात वर्षं आम्ही बेट्टदपुरात काढली. पिरियापट्टण तालुक्यातलं गाव. म्हैसूरहून बसने जायचं तर तेव्हा अर्धा दिवस मोडायचा. बेट्ट म्हणजे डोंगर, आणि डोंगराचं गाव ते बेट्टदपुर. घरात आम्ही मराठी बोलायचो, अंगणात कन्नड. भिंतीपलीकडे संकेती ब्राह्मणांचं घर होतं. त्यांची बोली तमिळ-मल्याळमच्या वळणाची, ती कानावर पडून पडून मला समजायला लागली होती. डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ. सिडिलु म्हणजे कडाडून कोसळणारी वीज. पावसाळ्यात माथ्यावर वीज चमकली की आई हात जोडायची आणि आम्हा भावंडांना म्हणायची, "देव जागा आहे, तुम्ही झोपा."

आमच्या परसामागे बांध होता, बांधापलीकडे एका गौडांचं शेत आणि शेताच्या कडेला त्यांचं बेरन. तंबाखू भाजायच्या त्या उंच, जाड भिंतींच्या खोलीला तिकडे सगळे बेरनच म्हणतात. आत काठ्यांना ओवलेली हिरवी पानं थरावर थर टांगलेली, जमिनीलगत पत्र्याचे जाड नळ फिरवलेले आणि चुलीचं तोंड बाहेरच्या अंगाला. धूर नळांतून फिरून धुराड्यावाटे निघून जायचा, पानाला मिळायची ती नुसती ऊब. आधी पान पिवळं पडू द्यायचं, मग ते सुकवायचं, मग त्याची मधली जाड शीर वाळवायची. पाच-सहा दिवस, रात्रंदिवस. नव्वद-शंभर फॅरनहाइटपासून आच चढवत चढवत एकशेसाठच्या घरात न्यायची. मधेच आच पडली तर पान काळवंडतं, घाईने चढवली तर हिरवंच राहून जातं. आणि एखादं वाळलेलं पान सुटून तापल्या नळावर पडलं तर सगळं बेरन पेटतं. एका डुलकीत वर्षाचं पीक जायचं.

त्या चुलीपुढे गौड आणि त्यांचा धाकटा भाऊ रात्र काढायचे. घोंगडी पांघरलेली, मध्ये कंदील, भिंतीतल्या छोट्या काचेतून आतला पारा बघायचा. एकाची मान जरा कलली की दुसरा म्हणायचा, "नी मलगु, ना नोड्तीनि." तू नीज, मी बघतो. हे वाक्य मी त्या सात वर्षांत किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. झोप आलेल्या माणसाला ती कधी मागावी लागत नसे. दुसऱ्यालाच ते आधी दिसायचं. आणि ज्याला म्हटलं तो लगेच तिथेच पोत्यावर आडवा व्हायचा. 'नाही नाही, मी जागा आहे' असं म्हणायची रीतच नव्हती.

पुढे कळत्या वयात त्या पानाने काय काय होतं ते मी आमच्याच नात्यात पाहिलं, आणि त्या पिकाबद्दल माझ्या मनात माया उरली नाही. त्या चुलीपुढच्या रात्रींबद्दल मात्र अजून आहे.

त्याच चुलीपुढे मला आमच्याकडे आलेले माझे मामाही दिसतात. मामा बेळगावचे, विमान कंपनीत रेडिओ ऑफिसर. हे काम काय असतं ते आता समजावून सांगावं लागतं. डाकोटा विमानात दोन वैमानिकांच्या पाठीमागे एक तिसरा माणूस बसायचा. कानाला हेडफोन, बोटाखाली मोर्सची कळ. जमिनीवरच्या केंद्रांशी बोलणं त्याच्याकडे. प्रवाशांना तो दिसत नसे आणि कॅप्टनसारखा मान त्याला नसे. पण त्या दोघांच्या माना त्याच्याइतक्या जवळून कुणी पाहिलेल्या नसतील.

ऐन उमेदीची वर्षं मामांनी रात्रीच्या टपाल विमानांवर घालवली. 30 जानेवारी 1949 ला ही सेवा सुरू झाली होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची, मध्यरात्रीच्या पुढेमागे नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि उजाडेपर्यंत पुन्हा आपापल्या वाटेला लागायची. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. 1953 मध्ये देशातल्या आठ विमान कंपन्या एकत्र करून सरकारी महामंडळ झालं तरी ही रात्रपाळी चालू राहिली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. मामा नागपूरच्या त्या तासाभराचं वर्णन असं करायचे की मला ते एखाद्या जत्रेसारखं वाटे: चारी दिशांचे लोक, चार भाषा, एक चहाची किटली, थैल्या वाहणाऱ्या हमालांची धावपळ आणि वर निरभ्र आभाळ.

मामा एक गोष्ट नेहमी सांगायचे. टाटांची टपाल विमानं पहिल्यांदा उडाली ती 15 ऑक्टोबर 1932 ला. जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले आणि तिथून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट मद्रासला निघाले. वाटेत त्यांनी बळ्ळारीला रात्रीचा मुक्काम केला. "आपल्या कर्नाटकात, बरं का," असं मामा मुद्दाम म्हणायचे. रात्र पडली की विमान उतरायचं आणि माणूस झोपायचा. रात्री उडायची साधनं आली तसा तो मुक्काम गेला. रात्र कामाची झाली. मामांचा त्याला विरोध नव्हता. त्यांचं पोट त्यावरच होतं. पण चुलीत लाकूड सारता सारता गौडांना ते आपल्या मोडक्या कन्नडात म्हणाल्याचं मला लख्ख आठवतं की, थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे सगळ्यांत शेवटी कळतं. आधी ते त्याच्या मानेला कळतं, मग पाठीमागे बसलेल्याला. गौडांनी मान हलवली. त्यांना यात नवीन काही नव्हतं.

संध्याकाळची शेवटची बस बेट्टदपुरात मुक्कामाला असायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाजवळच्या विहिरीवर हातपाय धुवायचे, कुणाच्या ना कुणाच्या घरून त्यांना रागी मुद्दे आणि सार जायचं, आणि रात्री नऊला दोघं बसमध्येच निजलेले असत. पहाटेची पहिली गाडी त्यांचीच. एकदा ड्रायव्हरला ताप भरला होता, तर गावकऱ्यांनी सकाळची गाडी सोडूच दिली नाही. वडिलांना म्हैसूरला मीटिंग होती, ते चिडले होते. पण गाडी सुटली नाही. ड्रायव्हरने तोंडातून शब्द काढला नव्हता. त्याचे डोळे बघून चहावाल्यानेच गावभर केलं होतं.

हे सगळं लिहिताना तो काळ सोन्याचा होता असं म्हणायचा मोह होतो. तो मोह मी आवरते, त्याला कारणही मामाच आहेत.

1994 च्या मे महिन्यात मी बेळगावला गेले होते. मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. रेडिओ ऑफिसर हे पदच तोवर इतिहासजमा झालं होतं. वैमानिक स्वतःच जमिनीशी बोलू लागले, मोर्सची कळ गेली आणि पाठीमागची खुर्चीही गेली. दुपारी पडवीत झोपाळ्यावर बसून मामा एकाएकी म्हणाले, "तुला एक सांगतो, हे मी तुझ्या मामीलाही सांगितलेलं नाही." नागपूरहून परतताना एका हिवाळी पहाटे दोन्ही वैमानिकांच्या माना खाली गेल्या होत्या. विमान सरळ चाललं होतं, आभाळ स्वच्छ होतं. मामांच्या लक्षात आलं ते हेडफोनमधल्या शांततेवरून. त्यांनी कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला, थर्मासमधला चहा ओतला आणि कपाळाला हात लावत कॅप्टनने तो घेतला. कॅप्टनचं तान्हं बाळ घरी आजारी होतं, दोन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. उतरल्यावर तिघांपैकी कुणीही काही लिहिलं नाही. वहीत सगळं आलबेल.

"लिहिलं असतं तर त्याचं लायसन्स गेलं असतं," मामा म्हणाले. "देवमाणूस होता. मी कसा लिहिणार?" मग बराच वेळ झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज येत राहिला. "पण लिहायला हवं होतं गं. त्याच्यासाठी नाही. पुढच्या महिन्यात त्याच रांगेत दुसरा कुणी बसणार होता, त्याच्यासाठी."

तेव्हापासून मला कळतं की थकवा लपवणं ही आजची गोष्ट नाही. तेव्हा तो मायेपोटी लपवला जायचा. पण निदान पाहणारं कुणी होतं, खांद्यावर पडणारा एक हात होता. त्या हातामुळे त्या पहाटे थैल्या मुंबईत पोचल्या, माणसंही पोचली.

22 मे 2010 ची सकाळ आमच्या भागात कुणी विसरणार नाही. दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या बज्पे विमानतळावर उतरताना डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीच्या पलीकडे दरीत गेलं. 166 जणांपैकी 158 गेले, आठ वाचले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते एअर मार्शल भूषण गोखले, आपल्या हवाई दलाचे माजी उपप्रमुख. त्यांच्या अहवालातली एक गोष्ट वाचून मी त्या रात्री झोपू शकले नव्हते. कॉकपिटमधलं जे ध्वनिमुद्रण हाती लागलं ते दोन तास पाच मिनिटांचं. त्यातली सुरुवातीची एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेले होते, त्यांच्या घोरण्याचा आवाज त्यात होता. पहाटे दोन ते सहा ही वेळ माणसाच्या शरीराची सगळ्यांत पडती वेळ. गाढ झोपेतून उठल्यावर डोक्यावर जी गुंगी राहते तिच्यात त्यांनी विमान फार उंच आणि फार वेगात खाली आणलं. शेजारी बसलेल्या सहवैमानिकाने पुन्हा वर जायला सांगितलं, एकदा नव्हे, तीनदा. विमान तरीही उतरवलं गेलं, आणि जवळजवळ अडीच किलोमीटरच्या धावपट्टीचा बराच मोठा भाग मागे टाकून चाकं टेकली.

दोष ज्याचा त्याला अहवालात दिलेला आहे, तो मी पुन्हा वाटत नाही. पण त्या एक तास चाळीस मिनिटांत सहवैमानिक एकटा बसून होता, हे माझ्या मनातून जात नाही. मामांची खुर्ची रिकामी होती. ती कधीच काढून टाकलेली होती. तो बिचारा हुद्द्याने धाकटा. डाकोटातल्या माणसासारखा खांद्यावर हात ठेवून 'कॅप्टन, चहा घ्या' म्हणायची मोकळीक त्याला असेल का? तू नीज, मी बघतो, असं तरी त्या दोघांत ठरलं होतं का?

आता माझ्या बहिणीचा मुलगा वैमानिक आहे. बंगळूरहून उडतो, एका खासगी कंपनीत, तिचं नाव मी लिहीत नाही. आठ वर्षं झाली. लहानपणी तो माझ्याकडे म्हैसूरला सुट्टीत आला की मी त्याला मंडकळ्ळीच्या विमानतळावरून न्यायची. 1940 मध्ये संस्थानाने बांधलेली ती धावपट्टी तेव्हा ओस पडलेली होती, कुंपणाबाहेर गुरं चरत असायची. तिथे उभा राहून तो विचारायचा, मामाआजोबा इथे उतरले होते का? 2010 च्या ऑक्टोबरात तिथून प्रवासी विमानं सुरू झाली तेव्हा हा कॉलेजात होता, आणि पहिल्या आठवड्यातच एक विमान उतरताना बघायला खास म्हैसूरला आला होता.

फोनवर तो कधीच म्हणत नाही की दमलोय. "मी मस्त आहे मावशी." पण त्याच्या आईला आवाजावरून कळतं. वाक्याच्या शेवटी आवाज घसरतो, शब्द चुकतो, आणि एकच प्रश्न तो दोनदा विचारतो. ती फोन ठेवून मला फोन करते: आज पुन्हा रात्रीचं होतं.

मी त्याला एकदा बसवून सविस्तर विचारलं. दमलास तर सांगायचं कुणाला? तो म्हणाला, सांगायला जागा आहे, फॉर्म आहे, त्याला फटीग रिपोर्ट म्हणतात. मग तू भरतोस का? त्यावर तो जे बोलला ते मी इथे माझ्या शब्दांत मांडते आहे. फॉर्म भरला की फोन येतो. आदल्या रात्री किती वाजता झोपला होतात? विश्रांतीचे तास तर कागदावर पूर्ण आहेत. बारा तास दिले होते. ते बारा तास परक्या शहरातल्या हॉटेलात, भर दिवसा, पडद्याच्या फटीतून ऊन येत असताना आणि बाहेर व्हॅक्यूम क्लीनर चालू असताना दिलेले असतात, हे कागदावर दिसत नाही. विश्रांती कंपनी देऊ शकते, झोप शरीराने द्यावी लागते. शिवाय उड्डाणाचे तास कमी झाले की हातात येणारे पैसे कमी होतात, आणि घराचे हप्ते तर वैमानिक व्हायला काढलेल्या कर्जाच्या हप्त्यांवर चढलेले असतात. म्हणून तो, आणि त्याच्यासारखे पुष्कळ, अगदीच उभं राहवेना तर 'आजारी' असं कळवतात. पोट बिघडलंय, सर्दी आहे. सर्दीबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. थकव्याबद्दल विचारतात.

याचा परिणाम मोठा आहे, आणि तो लोकांच्या लक्षात येत नाही. सगळ्यांनी सर्दी लिहिली की नोंदवहीत देशभर सर्दीच दिसते. थकवा कुठेच नसतो. आणि जो कागदावर नाही, त्याच्यासाठी कुणी ड्यूटीचा तक्ता बदलत नाही. 2022 मध्ये सेफ्टी मॅटर्स फाउंडेशन या संस्थेने 542 भारतीय वैमानिकांना विचारलं तेव्हा 66 टक्क्यांनी कबूल केलं की शेजारच्याला न सांगता कॉकपिटमध्ये आपल्याला डुलकी लागलेली आहे. नाव न घेता विचारलं तर तीनातले दोघं बोलतात. नाव लिहून विचारलं की सगळे 'मस्त' असतात, माझ्या भाच्यासारखे.

17 ऑगस्ट 2023 ला दुपारी नागपूरच्या विमानतळावर पुण्याचं विमान घेऊन जाणारा एक कॅप्टन, वय जेमतेम चाळीस, बोर्डिंग गेटपाशीच कोसळला आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आदल्या दिवशी त्याने पहाटे तीन ते सात उड्डाण केलं होतं आणि त्यानंतर त्याला सत्तावीस तासांची विश्रांती मिळालेली होती, असं कंपनीने कळवलं. थकव्याने गेला असं मी म्हणणार नाही; ते सिद्ध झालेलं नाही आणि त्याच्या घरच्यांच्या दुःखावर माझा तर्क चढवायचा मला अधिकार नाही. पण बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तेच नागपूर आलं, किटलीभोवती जमलेली चार विमानांची माणसं. तिथे एखाद्याचा चेहरा उतरलेला दिसला असता तर बारा जणांनी विचारलं असतं. आज अर्ध्या तासात विमान रिकामं होतं, भरतं आणि उडतं. चेहरा बघायला वेळ कुणाला?

नियम नाहीत असं मात्र नाही. जानेवारी 2024 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नवे नियम काढले. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तास. रात्र म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे पाचऐवजी सहापर्यंत. हा एक तास छोटा वाटतो, पण तो नेमका बज्पेचा तास आहे. रात्रीत सहा वेळा उतरायची मुभा होती ती दोनवर आणली. आणि दर तिमाहीला वैमानिकांच्या थकव्याचा अहवाल द्यायची कंपन्यांवर सक्ती. हे त्या वर्षीच्या 1 जूनला लागू व्हायचं होतं. कंपन्यांनी मुदत मागितली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी 1 जुलै व 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत ते आलं.

डिसेंबर 2025 चा पहिला आठवडा आठवा. नव्या नियमांप्रमाणे इंडिगो कंपनीला वेळापत्रकाला पुरतील इतके वैमानिक मिळेनात. 5 तारखेला एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. पुण्या-मुंबईच्या विमानतळांवर लग्नाला निघालेली माणसं, परीक्षेला निघालेली मुलं, औषधं घेऊन निघालेले म्हातारे जमिनीवर बसून होते. त्यांचा संताप खरा होता. पण त्या गर्दीतून सुटका म्हणून जी पहिली गोष्ट सोडण्यात आली, ती वैमानिकांची रात्र. रात्रीच्या उड्डाणांच्या अटींतून त्या कंपनीला 10 फेब्रुवारीपर्यंत सूट देण्यात आली. भाचा त्या कंपनीत नाही. तरी त्याने मला त्या दिवशी एवढाच निरोप पाठवला: "मावशी, ताप आलेल्या ड्रायव्हरची गोष्ट पुन्हा सांग."

मी सांगितली. पण मला ठाऊक आहे की एवढी माणसं आणि एवढी उड्डाणं असलेल्या जगात चहावाला गाडी अडवू शकत नाही. पाहणारं माणूस पुन्हा उभं करायचं तर ते दुसऱ्या रीतीने करावं लागेल, आणि तशी रीत जगात आहे. अमेरिकेत 1974 च्या डिसेंबरात वॉशिंग्टनजवळ एक विमान डोंगरावर आदळलं. त्याच जागी तसाच गोंधळ काही आठवडे आधी दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांचा झाला होता, ते थोडक्यात वाचले होते, पण ती गोष्ट त्यांच्या कंपनीबाहेर गेलीच नव्हती. त्यानंतर 1976 मध्ये तिथे एक टपालपेटी सुरू झाली. वैमानिकाने आपली चूक, आपली डुलकी, आपला थकवा लिहून पाठवायचा. पत्र उघडणार नासा, जिच्या हातात त्याचं लायसन्स नाही आणि पगारही नाही. नाव काढून टाकायचं, गोष्ट ठेवायची. मामांना हे 1994 मध्ये माहीत असतं तर त्यांनी झोपाळा थांबवून ऐकलं असतं. देवमाणसाचं लायसन्स राहिलं असतं, आणि पुढच्या महिन्यात त्या रांगेत बसणाऱ्यालाही त्याचा उपयोग झाला असता. आपल्याकडे फॉर्म आहे, पण तो ज्याच्याकडे जातो त्याच्याच हातात ड्यूटीचा तक्ता असतो. मला या सगळ्यात खटकतं ते हेच.

गेल्या ऑगस्टमध्ये भाच्याला चार दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा मी त्याला बेट्टदपुरला घेऊन गेले. म्हैसूरहून गाडीने दोन तासही लागले नाहीत. दवाखान्याची जुनी इमारत गेलेली, आमचं घर पाडून तिथे दुमजली बांधलेलं. डोंगर तसाच, आणि वासही. गौड कधीच गेले. आता त्यांचा नातू बघतो. बेरन दुरुस्त केलेलं, भिंती सिमेंटच्या, पारा बघायला नवं यंत्र. पण चूल तीच आणि रात्रपाळीही तीच. नातवाची बायको आणि तो आळीपाळीने बसतात.

रात्री आम्ही तिघं-चौघं चुलीपुढे बसलो. भाचा पाऱ्याकडे, मग नळांकडे, मग लाकडांच्या ढिगाकडे बारकाईने पाहत होता. तापमानाचे टप्पे विचारत होता, किती तासांनी किती चढवता ते मोबाइलमध्ये टिपून घेत होता. मी नातवाला सांगत होते की याचे मामाआजोबा इथेच बसायचे. बोलता बोलता मागे पाहिलं तर भाच्याची मान कललेली. मी काही म्हणायच्या आत गौडांचा नातू त्याच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "मलगि सार, ना नोड्तीनि." भाचा दचकून ताठ झाला. "नाही, नाही, आय अ‍ॅम फाइन," हेच त्याच्या तोंडून आलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पोत्यावर आडवा झाला. सकाळी आठपर्यंत तो हलला नाही. मधे दोनदा पाऊस आला, घोंगडीवर मी आणखी एक चादर टाकली.

या जानेवारीत त्याचा पहाटे पावणेपाचला निरोप आला. सलग तिसरी रात्र होती. त्याने लिहिलं होतं की आज फॉर्ममध्ये सर्दी लिहिली नाही, थकवा लिहिला, पहिल्यांदाच. सोबत त्या फॉर्मचा फोटो होता, वरचा कंपनीचा भाग बोटाने झाकलेला.

मी तो बहिणीला पाठवला. ती जागीच होती. "आता काय होईल?" तिने विचारलं. मी तिला सांगितलं की मला ठाऊक नाही, आणि आधी त्याला झोपू दे.